ब्रुनित्झचा शेवटचा उपदेश

ब्रुनित्झ, लाउझित्झ
१२ फेब्रुवारी १९७५

प्रिय इर्मेला,

नाताळच्या कार्डाखेरीज माझ्याकडून काही आलं की तुला वाटणार, कुणीतरी गेलं. तसं काही नाही. आम्ही दोघं नवराबायको धडधाकट आहोत. हायडे अजून दर रविवारी ऑर्गन वाजवते आणि घरी येताना दर रविवारी म्हणते, की तुमचा उपदेश एका कडव्याएवढा जास्त झाला.

सोबतच्या पुडक्यात कादंबरी आहे. हो, माझी. लाइपझिगला धर्मशास्त्राच्या वर्गात मी मागच्या बाकावर कविता खरडायचो आणि तू माझ्यासाठी हिब्रूची टिपणं उतरवून ठेवायचीस. ते जुनं दुखणं उलटलंय असं समज. आता तू चर्चमंडळाच्या प्रकाशनगृहात संपादक आहेस, तेव्हा भोग.

गोष्ट एका गावाची आहे. कोळशाची उघडी खाण गावाकडे सरकतेय, गाव उठणार, देऊळ सुरुंग लावून पाडणार. आमचंही तेच होणार, हे आता पक्कं झालंय. आकाश स्वच्छ असलं की आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून खाणीचं यंत्र दिसतं. हायडेनं तिथं पडदा लावलाय. लोकांना शहरात नव्या इमारतींत घरं मिळणार आहेत. मंडळीतल्या आमच्या मेर्टिंकबाई (विधवा आहेत, पहिल्या बाकावर बसतात, माझं लांबलं की आधीच ‘आमेन’ म्हणतात) परवा म्हणाल्या, “नळाला गरम पाणी येणार म्हणे, पाळकसाहेब. आमचे हे असताना आलं असतं, तर आठवड्यातून एकदा तरी अंघोळ केली असती त्यांनी.”

शेवटचं प्रकरण नीट वाच. शेवटचा रविवार आहे. पाळक उपदेशपीठावर चढतो, शास्त्रपाठ वाचतो, तोंड उघडतो, आणि त्याला काही बोलता येत नाही. लोक वाट बघतात. मग एकेक जण उठून निघून जातो. तो वरच उभा राहतो. संपलं.

तुझा,
आल्ब्रेख्त नोआक


बर्लिन
९ मार्च १९७५

प्रिय आल्ब्रेख्त,

लाल पेन्सिल हातात घेऊन बसले होते, ती कधी खाली ठेवली ते कळलं नाही. फार चांगलं लिहिलंयस. मला थोडा हेवाही वाटला, तो तुझ्यापासून लपवत नाही.

आपल्या देशात एवढे लेखक पाळकांच्याच घरात का जन्मतात, यावर माझं एक मत आहे. जेवताना बोलायला बंदी, प्रार्थनेत खोटं बोलायला बंदी; मग बिचाऱ्या पोरांनी लिहायचं नाही तर करायचं काय? तू तर पाळकाचा मुलगा आणि स्वतःही पाळक. तुझी सुटकाच नव्हती.

पुस्तक मी प्रकाशनगृहापुढे ठेवते. छापायच्या परवान्यासाठी सरकारी कार्यालयातही जावं लागेल, त्याला वेळ लागतो. एकच विचारते. तो शेवट तसाच असावा असं खरंच वाटतं? लाइपझिगचे आपले गुरुजी सांगायचे, की ज्या धर्मात सगळं शब्दावर उभं आहे, तिथं पाळक गप्प बसला की देऊळ आधीच पडलं. मग सुरुंगाला काय उरलं?

तुझी,
इर्मेला ग्रोटे


ब्रुनित्झ
२ एप्रिल १९७५

प्रिय इर्मेला,

गुरुजींचं वाक्य मला पाठ आहे, आणि म्हणूनच तो शेवट तसा आहे.

आपल्या भाषेतलं गद्य उपदेशातून आलंय. देवावरचा विश्वास उडालेले लेखकसुद्धा उपदेशाच्याच चालीवर लिहितात. प्रत्येक वाक्य कुणाला तरी वाचवायला निघालेलं असतं. मला एकदा तरी असं वाक्य लिहायचं होतं, जे कुणालाही वाचवायला निघालेलं नाही. ते लिहिता येईना, म्हणून मी त्याला गप्प केलं. जो देव लपलाय त्याच्याबद्दल बोलू नये. त्याला लपू द्यावं. एवढा मान तरी आपण त्याला द्यावा.

आता पुस्तकाबाहेरचं. मागच्या आठवड्यात कबरी हलवायला सुरुवात झाली. पेट्या शहराच्या दफनभूमीत नेतात. मेर्टिंकबाई छत्री घेऊन नवऱ्याच्या कबरीपाशी उभ्या होत्या. म्हणाल्या, “जिवंतपणी यांना शहरात चला म्हटलं, की पोटात दुखायचं यांच्या.” मजूर हसले, मीही हसलो. मग मी प्रार्थना म्हटली. म्हणताना स्वतःचा आवाज ऐकू येत होता, शेजारच्या घरात रेडिओ चालू असावा तसा. हे कोण बोलतंय, असं वाटलं. हायडेला मी हे सांगितलं नाही.

तुझा,
आल्ब्रेख्त


बर्लिन
१८ नोव्हेंबर १९७५

प्रिय आल्ब्रेख्त,

इतके महिने लिहिलं नाही, कारण सांगण्यासारखं काही नव्हतं. आता आहे, आणि ते ऐकून तू एक तर हसशील, नाही तर पुडकं परत मागशील.

परवाना कार्यालयातले गृहस्थ म्हणाले, “पुस्तक दर्जेदार आहे, पण शेवट निराशेचा आहे. लोकांना नवी घरं मिळतायत, पुढं भविष्य आहे, त्याचा कुठं मागमूस नाही.” दुसऱ्याच दिवशी आमच्या मंडळाची बैठक झाली. वडीलधारे म्हणाले, “पुस्तक दर्जेदार आहे, पण शेवट निराशेचा आहे. पुनरुत्थानाचा कुठं मागमूस नाही.” तीस वर्षं या दोन बाजू एकमेकांशी धड बोललेल्या नाहीत, आणि तुझ्या शेवटच्या पानावर त्यांचं एकमत झालं.

चार-पाच ओळी दे, आल्ब्रेख्त. खोट्या नकोत. तुला जेवढं म्हणता येईल तेवढंच म्हण. तो नुसता “आमेन” म्हणाला तरी मी भांडून बघेन.

इर्मेला


ब्रुनित्झ
१ डिसेंबर १९७५

प्रिय इर्मेला,

हसलो. पण ओळी नाहीत. असत्या तर मी त्या दर रविवारी मंडळीला दिल्या नसत्या का? पुस्तक खणात राहू दे.

तुझा,
आल्ब्रेख्त


बर्लिन
२० फेब्रुवारी १९७७

प्रिय आल्ब्रेख्त,

वर्षभर गप्प होते ते रागावून नव्हे. बातमी द्यायची तर पक्कीच द्यायची, असं ठरवलं होतं. परवाना मिळाला. छपाईचा कागदही मिळाला. एप्रिलमध्ये पुस्तक बाजारात येईल.

छापखान्यानं अचानक जवळची तारीख दिल्यामुळे तपासणीची मुद्रितं तुझ्याकडे पाठवता आली नाहीत. मी स्वतः तपासली आहेत. काळजी करू नकोस. हायडेला नमस्कार.

इर्मेला


ब्रुनित्झ
१ मार्च १९७७

प्रिय, प्रिय इर्मेला,

तुझं पत्र हायडेनं मला देवळात आणून दिलं. मी शिडीवर चढून घंटेचा दोर सोडवत होतो, कारण घंटा आधीच न्यायची आहे. तिथंच वाचलं. तू लढलीस तर. कार्यालयाशी आणि आपल्या वडीलधाऱ्यांशीही. माझ्याच्यानं हे कधी झालं नसतं.

हायडेनं केक केला, आणि पश्चिम जर्मनीतून बहिणीनं पाठवलेली जपून ठेवलेली कॉफी काढली. मेर्टिंकबाईंनाही बोलावलं. त्यांनी विचारलं, “पुस्तकात मी आहे का?” मी म्हणालो, “थोड्या आहात.” त्या म्हणाल्या, “थोडी का?”

इकडची तारीख ठरली. शेवटची उपासना ऑक्टोबरात. त्या दिवशी काय करायचं ते मला आता ठाऊक आहे. माणूस जे छापून आणतो, ते करायचं धैर्य त्याच्या अंगी हवं.

तुझा ऋणी,
आल्ब्रेख्त


ब्रुनित्झ
३ मे १९७७

इर्मेला,

पुस्तक पोचलं. शेवटच्या पानावर माझा पाळक बोलतो. तो म्हणतो:

“हे देऊळ आपण रिकामं करून देतोय, सोडून जात नाही. ज्या मातीतून आपली माणसं उचलली, त्या मातीला त्यांची नावं ठाऊक आहेत, आणि ज्यानं ती माती घडवली त्यालाही. भिऊ नका. तुम्ही ज्या खोलीत राहायला जाल, तिथं तो तुमच्या आधी पोचलेला असेल.”

या ओळी मी लिहिलेल्या नाहीत. कुणी लिहिल्या?

आल्ब्रेख्त नोआक


बर्लिन
११ मे १९७७

प्रिय आल्ब्रेख्त,

मी लिहिल्या. मुद्रितं मुद्दामच पाठवली नाहीत.

परवाना मिळावा म्हणून लिहायला बसले, हे खरं. पण लिहून झाल्यावर बराच वेळ टेबलाशी बसून होते. तेव्हा कळलं, की हा माझा उपदेश आहे. आपल्या वेळी मुलींना पदवी द्यायचे, उपदेशपीठ द्यायचे नाहीत. शेवटच्या परीक्षेत मी तुझ्या वर होते. तुला गाव मिळालं, मला लाल पेन्सिल. आता मुलींना देतात पाळकपद, पण मी पन्नाशीला टेकले. इतकी वर्षं दुसऱ्यांचे उपदेश दुरुस्त करत आले. तुझ्या गोष्टीत पीठावर एक माणूस मुका उभा होता. म्हणजे पीठ रिकामंच होतं. मी चढले.

तुझी क्षमा मागते, पण ओळी मागे घेत नाही. तू म्हणतोस, वाक्य कुणालाही वाचवायला निघालेलं नसावं. मग ते लिहायचं कशाला, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही. माझा त्या ओळींवर विश्वास आहे.

दुसरी आवृत्ती निघाली, तर तुझा शेवट परत घालण्यासाठी जेवढं भांडता येईल तेवढं भांडेन. हे वचन देते.

इर्मेला


ब्रुनित्झ
३० ऑक्टोबर १९७७

इर्मेला,

उन्हाळाभर तुला लिहायचं नाही असं ठरवलं होतं. पण जे झालं, ते तुझंही आहे; तुला कळायला हवं.

गावात तुझ्या-माझ्या पुस्तकाची एकच प्रत होती. ती घरोघर फिरली. परत आली तेव्हा पानांना कांद्याचा आणि जवसाच्या तेलाचा वास येत होता.

शेवटच्या उपासनेला सगळे आले. लग्नानंतर देवळाचं तोंड न पाहिलेलेही आले. पक्षाचा सचिव दाराशी उभा होता. खाणीचा एक अभियंता मागच्या भिंतीला टेकून उभा होता. मी काहीही तयार केलं नव्हतं. पुस्तकात मी जे लिहिलं होतं, ते करणार होतो.

शास्त्रपाठ वाचला आणि थांबलो. उगीच नव्हे, खरंच शब्द नव्हते. लोक वाट बघत होते. कुणी खोकलं. कुणीही उठून गेलं नाही, इर्मेला. माझ्या गोष्टीत ते उठून जातात. इथं ते बसून राहिले, माझ्याकडे बघत. मग पहिल्या बाकावरून मेर्टिंकबाई हळूच म्हणाल्या, एखाद्या पोराला विसरलेली कविता आठवून द्यावी तशा, “पाळकसाहेब, पुस्तकातलं सांगा ना.”

मी सांगितलं. रागानं इतक्यांदा वाचलं होतं, की पाठ झालं होतं. ‘तुमच्या आधी पोचलेला असेल’ इथं आलो, तेव्हा लोक रडत होते. अभियंत्यानं टोपी काढून छातीशी धरली होती. हायडेनं शेवटचं गीत सुरू केलं आणि सगळे गायले. असे गेल्या कित्येक वर्षांत गायले नव्हते.

दाराशी प्रत्येकानं हात दाबून धरला. म्हातारा कुबिश म्हणाला, “जन्मभर ऐकलं तुम्हाला. आज पहिल्यांदा बोललात.”

मला काहीही वाटलं नाही. राग नाही, दुःख नाही, लाजसुद्धा नाही. पुढच्या मंगळवारी देऊळ पाडलं. आम्ही रस्त्यावर उभे होतो. मनोरा आधी जागच्या जागी थरथरला आणि मग खाली बसला, म्हातारं माणूस बाकावर बसतं तसा.

आल्ब्रेख्त


बर्लिन
७ नोव्हेंबर १९७७

प्रिय आल्ब्रेख्त,

तुझं पत्र वाचून मी प्रकाशनगृहाच्या जिन्यात बसून रडले. सहकाऱ्यांना वाटलं, घरी काही झालं.

म्हणजे शब्दानं त्याचं काम केलं. तुला काही वाटलं नाही म्हणतोस; पण आपण हेच तर शिकलो ना, की कृपा पाळकाच्या मनावर अवलंबून नसते? तो कोरडा असला तरी पाणी पोचतं. त्यांना पोचलं. तू उगीच स्वतःला खातोयस. आणि माझ्याबद्दल एवढंच सांगते: मी आयुष्यात एकदा उपदेश केला, आणि लोक गायले.

नव्या घरी स्थिरस्थावर झालात की मी येईन. नाताळात चालेल?

इर्मेला


कॉटबुस
१५ फेब्रुवारी १९७८

इर्मेला,

नाताळला ये असं लिहिलं नाही, त्याबद्दल क्षमा कर. पाळकाचा झगा मी परत केला. बिशपसाहेबांनी कारण विचारलं. मी म्हणालो, मंडळीला माझी गरज नाही. मी गप्प बसलो तरी त्यांचं चालतं आणि दुसऱ्याचं बोललो तर आणखी चांगलं चालतं. त्यांनी थकव्यावर औषध सुचवलं.

आता वसाहतीच्या बागकामाकडे आहे. इमारतींच्या मध्ये झाडं लावतो. माती वाळूची आहे, बरीच मरतात. हायडे नव्या पाळकाच्या उपासनेत ऑर्गन वाजवायला जाते. आम्ही त्यावर बोलत नाही. ती परत आली की मी कॉफी करतो. सध्या मिळते ती भुकटी मिसळलेली, तिलाही कॉफीच म्हणायचं.

मी लिहीत नाही. विचारशील म्हणून आधीच सांगतो.

आल्ब्रेख्त


बर्लिन
५ मार्च १९७९

प्रिय आल्ब्रेख्त,

माझी दोन पत्रं अनुत्तरित आहेत. तरी हे लिहिणं भाग आहे.

दुसरी आवृत्ती निघतेय, आणि तुझा शेवट परत येतोय. कार्यालयात नवे गृहस्थ आलेत. ते म्हणाले, गाव तर गेलंच, आता पाळक बोलला काय आणि न बोलला काय. मंडळाशी मात्र खरंच भांडले. राजीनामा लिहून टेबलावर ठेवला, तेव्हा ऐकलं. माझ्या ओळी मी माझ्या हातानं खोडल्या.

खोडताना मला काय झालं ते लिहीत नाही. वचन दिलं होतं. आता तू पुन्हा लिहिशील, एवढं मला म्हण. तेवढं पुरे.

तुझी,
इर्मेला


कॉटबुस
२२ एप्रिल १९७९

प्रिय इर्मेला,

एके काळी तुझ्या या पत्रानं मी नाचलो असतो. उशीर केला, कारण ते आलं त्या दिवसांत मेर्टिंकबाई आजारी होत्या.

नवव्या मजल्यावरची एक खोली मिळाली होती त्यांना. हायडे दुपारी जेवण घेऊन जायची. एकदा तिला जमेना म्हणून मी गेलो. उकडलेले बटाटे, चक्का आणि वर जवसाचं तेल, आमच्याकडचं रोजचं जेवण. त्यांनी दोन घास खाल्ले आणि बशी सरकवली. म्हणाल्या, “गरम पाणी येतं बघा नळाला. तेवढं मात्र खरं निघालं.”

मग म्हणाल्या, “शेवटच्या रविवारी बोललात ते तुमचं होतं ना?”

मी म्हणालो, “नाही. बर्लिनला एक बाई आहेत, त्यांनी लिहिलं होतं.”

“बाई होय? तरीच. तुम्ही कधी आमच्या खोल्यांचा विचार केला नव्हता.” मग पुन्हा, “पण तुम्हाला तसं वाटतं ना? की तो आपल्या आधी येऊन बसलेला असतो?”

हो म्हणणं किती सोपं होतं. तू असतीस तर हो म्हणाली असतीस, आणि ते तुझ्या तोंडी खरं असतं. माझ्या गोष्टीतला पाळक गप्प राहिला असता. मी त्यांच्या हाताकडे बघत होतो. मी म्हणालो, “नाही, मेर्टिंकबाई. मला तसं वाटत नाही.”

त्यांनी पांघरूण वर ओढून घेतलं. मग म्हणाल्या, “मग बरं. इथं आल्यापासून मी वाट बघत होते. मला वाटलं, माझ्याच खोलीत कुणी आलं नाही.”

प्रार्थना म्हणू का, असं मी सवयीनं विचारलं. “राहू द्या,” त्या म्हणाल्या, “तुम्हाला कशाला त्रास.” आणि तोंड भिंतीकडे केलं. आठवडाभरात गेल्या. मी पुन्हा गेलो होतो, पण त्या माझ्याशी काही बोलल्या नाहीत. रागावल्या नव्हत्या. बोलायचं संपलं होतं.

तेव्हा दुसऱ्या आवृत्तीत कुठलाही शेवट घाल. राजीनाम्यापर्यंत गेलीस, त्याची मला लाज वाटते, कारण ते ज्याच्यासाठी केलंस तो शेवटही खोटाच होता. त्या गप्प राहण्यात मी देवासाठी जागा राखून ठेवली होती. लपलेल्याला लपू द्यावं म्हणालो होतो ना? म्हणजे कुठंतरी आहे, असं धरून चाललो होतो. त्या खोलीत मी नीट पाहिलं. पलंग होता, खुर्ची होती, नळ होता. याचं वाक्य होत नाही, आणि मौनही होत नाही. मी लिहिणार नाही.

अंत्यविधीला गेलो, मागच्या रांगेत बसलो. नवा पाळक तरुण आहे, मनानं चांगला आहे. त्यानं खिशातून पुस्तक काढलं, पहिल्या आवृत्तीचं, आणि तुझा परिच्छेद वाचला. चांगला वाचला. मग म्हणाला, या आपल्या भगिनीच्या आवडत्या ओळी होत्या, आणि त्या लिहिणारे पाळक नोआक आज आपल्यात बसले आहेत. सगळे मागे वळून माझ्याकडे बघू लागले. ब्रुनित्झचीच माणसं. कुबिशचे डोळे भरले होते. हायडे ऑर्गनपाशी पाठमोरी बसली होती, ती वळली नाही.

बाहेर आल्यावर त्यांनी एकेकानं येऊन माझा हात हातात घेतला. मी हात दिला.

आल्ब्रेख्त